दुरुस्त करून पुन्हा पाठवा

लातूर,
बुधवार

प्रिय शिवगंगा,

तू फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. म्हणून कागद घेतला. कागद हातात पडला की तू तो वाचल्याशिवाय टाकणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते. शाळेत असताना चुरमुऱ्याच्या पुडीचा कागदसुद्धा तू उलगडून, सरळ करून, शेवटपर्यंत वाचायचीस आणि अर्धवट फाटलेल्या बातमीचा शेवट आपल्या मनाने जोडून मला सांगायचीस.

जे सगळ्यांत आधी लिहायला हवं ते आधी लिहिते. तू खोटं बोलली नाहीस. तू गटाला सावध केलं होतंस, एकदा नाही, चार वेळा, आणि हे ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांतली एक मी आहे. आज आपल्या 'रानपालवी' ह्या रानभाज्यांच्या गटावरची तेरा हजार माणसं तुला प्रसिद्धीसाठी धडपडणारी बाई समजून बसली आहेत. नायगावात तुझ्या गल्लीतही ते पोहोचलं असं आईकडून कळलं. दुकानात कुणीतरी तुला "काय वैद्यीणबाई" म्हणालं म्हणे. तुझं नाव साफ होणं आता एका यादीवर अवलंबून आहे आणि ती यादी माझ्याकडे आहे. ती कुठून आली, माझ्याकडे कशी आणि मी इतके दिवस गप्प का, हे सगळं सांगते. माझी बाजू सांभाळून सांगणार नाही. सांभाळायचा मोह होईल, पण नाही.

प्रेसचं काम तुला थोडंफार माहीत आहे. लग्नपत्रिका, पोथ्या आणि क्लासवाल्यांच्या सराव प्रश्नपत्रिका. लातुरात दर गल्लीला क्लास, त्यामुळे प्रश्नपत्रिकांना तोटा नाही. मी मुद्रितं तपासते. नवीन लागले तेव्हा केरबा काकांनी मला शिकवलं. ते चाळीस वर्षं हेच करत आलेले, डोळ्यांवर जाड भिंगं, हातात लोखंडी फूटपट्टी. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एका वधूपित्याचं नाव चुकीचं छापून गेलं आणि मी संडासात जाऊन रडले. काका बाहेरून म्हणाले, "रडून काय व्हतंय, पोरी. तू मजकुरात शिरलीस, तिथं चुकलीस. अर्थ कळाया लागला की डोळा पळतो. खालून वर वाचत जा." तेव्हापासून मी पानाच्या शेवटच्या ओळीवर पट्टी ठेवते आणि ओळ ओळ वर सरकते. अशा वाचण्यात वाक्य लागत नाही. फक्त शब्द दिसतात, एकेक सुटा, दाण्यासारखा, आणि खडा लगेच सापडतो. वर्षभरात प्रेसमध्ये माझ्या हातची चूक कुणाला दिसली नाही. मला त्याचा फार अभिमान होता. तुला तो दिसला असणार. मागच्या दिवाळीला मी तुझ्या जावेच्या मुलीची निमंत्रणपत्रिका बघून तिथेच पेन काढलं होतं.

दयानंद सरांनी मला गटात घेतलं ते ह्याच कामाच्या जोरावर. सर निवृत्त शिक्षक, मृदू बोलणारे, रानभाज्यांचा नाद असलेले. त्यांनी गट काढला तो हौसेपोटी. शहरातल्या लोकांनी पाथरी ओळखावी, घोळीची भाजी करून बघावी, फोटो टाकावा, बस. पण गट वाढला तसा त्यांना त्याचा दर्जा सांभाळायचा होता. नियम तीन तुला पाठ आहे: मजकूर प्रमाण मराठीत व शुद्ध असावा, अन्यथा परत. ते परत पाठवायचं काम माझं. कुठलाही मजकूर गटावर दिसायच्या आधी माझ्या डोळ्यांखालून जाणार आणि चूक सापडली की मी एक ठरलेलं वाक्य चिकटवणार, "दुरुस्त करून पुन्हा पाठवा." सर चारचौघांत म्हणायचे, "लुंबिनी बसलीय ना नाक्यावर, आता काना-मात्रा चुकून सुटत नाही." माझ्या आईला सही येत नाही. बाबांची येते, पण एकच अक्षर मोठं आणि बाकीची त्याच्या मागे लपल्यासारखी. त्या घरातली मी, आणि वकील, डॉक्टर, मास्तर ह्यांचं लिहिलेलं मी परत पाठवते. शिवगंगा, मला ते आवडत होतं. नाही म्हटलं तर हे पत्रही खोटं ठरेल.

तुला गटात मीच आणलं. तू नको म्हणत होतीस. "मला लिव्हायला कुठं जमतंय, तुमच्या त्या शुद्ध लोकात" असं म्हणाली होतीस. मी म्हटलं, तुझ्याइतकं पानापाल्यातलं त्या तेरा हजारांत कुणाला कळत नाही. ते खरंच होतं आणि त्याचं कारण माझी आई होती. आठवतं ना, कंधारच्या वाटेवरचं तुमचं शेत, खुरपायला येणाऱ्या बायांत माझी आई, आणि आपण दोघी बांधावर. आई एखादं रोप उपटून आपल्यापुढे धरायची आणि म्हणायची, "चुरगाळ. वास घे. आता सांग." मी पुस्तकातून मान वर करायचे नाही. तू चुरगाळायचीस, वास घ्यायचीस, जिभेला लावू का विचारायचीस, आणि आई तुझ्या हातावर चापट मारून हसायची. माझ्या आईचं सगळं शहाणपण तू घेतलंस आणि तुमच्या घरातल्या जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे मी वाचून काढले. अदलाबदलच झाली म्हण.

तुमच्या घरी आईच्या चहाची कपबशी वेगळी, कोनाड्यात पालथी घातलेली असायची, हे मी कधी बोलले नाही. तूही नाही. पण एक दिवस तू ती घेऊन दगडी पायरीवर आपटलीस आणि आत जाऊन सांगितलंस, "फुटली. आता सगळ्यांच्यातली द्या." नऊ वर्षांची होतीस. तुझ्या आजीने तुला चांगलं बदडलं. मी पायरीखाली उभी राहून बघत होते आणि त्या वेळी माझ्या मनात काय आलं होतं सांगू? की मी असते तर आधी विचारलं असतं, परवानगी आहे का म्हणून.

आता त्या गुरुवारचं सांगते.

ऋतुजाताईंनी सकाळी तो मजकूर टाकला. तू त्यांना कधी भेटली नाहीस. लातुरातच असतात, हौशी, हाताला चव आहे, आणि लिहितात इतकं देखणं की सर त्यांचं लिखाण इतरांना नमुना म्हणून दाखवतात. पितळी परात, तिच्यात तांदुळजा, कडेने मोठी हिरवी पानं पसरलेली. खाली लिहिलेलं: लहान पानांची आणि मोठ्या पानांची, दोन्ही कोवळी, दोन्ही चविष्ट. त्यांच्या मजकुरात मला एकही चूक सापडली नाही. मी तो दहा सेकंदांत मंजूर केला. पुढे कळलं की ती मोठी पानं त्यांनी स्वतः भाजीत घातलीच नव्हती. घरामागच्या मोकळ्या जागेत दिसली, फोटोत भरगच्च दिसतील म्हणून परातीच्या कडेला मांडली आणि लिहिण्याच्या ओघात तीही चविष्ट झाली.

तुझा पहिला मजकूर त्याच दिवशी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी आला. तो माझ्यासमोर आहे. जसाच्या तसा लिहिते: "ह्या फोटूतली कडंची मोठी पानं धोत्र्याची हायत. खाऊ नका. कुणी खाऊ नका. तोंड कोरडं पडतंय, डोळे फाटतेत, माणूस येड्यावानी बडबडाया लागतंय. म्या माझ्या चुलत्याला बघितलंय. पान चुरगाळून वास घ्या, लगेच कळंल." इतकं स्पष्ट त्या गटावर कुणी कधी लिहिलं नव्हतं. आणि मी प्रेसमध्ये चहाच्या सुट्टीत, फोनच्या पडद्यावर बोट धरून, शेवटच्या ओळीपासून वर वाचत गेले. कळंल. वास. बघितलंय. म्या. येड्यावानी. हायत. फोटू. मला अकरा चुका सापडल्या. एकेकीवर खूण केली. दुरुस्त करून पुन्हा पाठवा. कशाविषयी लिहिलंय ते मला माहीतच नव्हतं, शिवगंगा. मी अक्षरं वाचली. तुझं म्हणणं वाचलंच नाही.

एवढंच असतं तर मी हे केरबा काकांच्या शिकवणीवर ढकललं असतं. पण एवढंच नाही. मजकूर तुझा आहे हे मला माहीत होतं. तुझं नाव वर होतं. आणि तुझा आहे म्हणूनच मी तो जास्त कडकपणे तपासला. गटात मी कुणाची ते सगळ्यांना ठाऊक, गावाकडची, आईबाप मजुरी करणारे. मी गावच्या मैत्रिणीचे मजकूर चुकांसकट सोडते असं कुणी म्हणालं तर? ही भीती माझ्या मागे कायम असते. दुसऱ्या कुणाच्या मजकुरातल्या दोन-तीन चुका मी स्वतः दुरुस्त करून सोडते. तुझ्या कधीच नाही. तू तीनदा फोन केलास. दोनदा गुरुवारी संध्याकाळी, एकदा शुक्रवारी सकाळी. तिन्ही वेळा मी कापला. मला वाटलं, तू ओळखीवर मजकूर मंजूर करून घ्यायला बघतेयस. मी स्वतःला फार सचोटीची समजले.

तू प्रतिक्रियेत लिहायचा प्रयत्न केलास, तोही माझ्याकडेच आला, कारण ज्यांचे मजकूर वारंवार परत जातात त्यांची प्रतिक्रियाही आधी आमच्याकडे येते. तू हार मानली नाहीस. माझ्या खुणा बघून दुसऱ्यांदा लिहिलंस, तिसऱ्यांदा लिहिलंस. ते चारही मजकूर मी आता कागदावर छापून, शेजारी शेजारी ठेवून, वरून खाली, माणसासारखे वाचले. पहिल्यात लिहिलंय, "धोत्र्याची हायत, खाऊ नका." दुसऱ्यात, "धोत्र्याची आहेत." तिसऱ्यात, "धोत्र्याची वाटतात." आणि चौथ्यात, शुक्रवारी संध्याकाळी, माझीच भाषा उचलून तू लिहिलंस, "सदर पाने धोत्र्याची असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी सर्वांनी योग्य ती दक्षता घ्यावी." मी तुझ्याकडून किती सफाईने तुझी खात्री काढून घेतली बघ. चौथ्यात चुलता नाही, कोरडं तोंड नाही, वास नाही. आणि तोही मी परत पाठवला. का, ते आता लिहावंसं वाटत नाही इतकं ते क्षुल्लक होतं.

शनिवारी नांदेडमध्ये गटातल्या सिंधुताईंनी घराशेजारच्या प्लॉटवरून ती पानं खुडली, फोन जवळ धरून, ऋतुजाताईंच्या फोटोशी ताडून बघत. भाजी नवऱ्याने जास्त खाल्ली, त्यांनी थोडी. संध्याकाळपर्यंत त्यांचे यजमान हवेतले दोरे ओढत होते आणि पंचवीस वर्षांपूर्वी वारलेल्या भावाशी भांडत होते. दोघंही दवाखान्यात होते. तीन दिवसांनी घरी आले. आता बरे आहेत, हे तुला कळलंच असेल, पण माझ्याकडूनही कळावं.

मागच्या बुधवारी सिंधुताईंनी गटावर लिहिलं, "तेरा हजार जाणकार आहात, एकालाही दिसलं नाही का? मला कुणी सावध का केलं नाही?" तो मजकूरही माझ्याकडेच आला. मी त्यात दोन स्वल्पविराम घातले आणि सोडला. हे मी तुला सांगतेय कारण हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. खाली सरांनी उत्तर दिलं की गटाच्या समितीकडे अशी कोणतीही स्पष्ट सूचना आलेली नव्हती. आणि मग तू लिहिलंस, "म्या सांगितलं व्हतं. चारदा." त्या मजकुराखाली सरांनी प्रतिक्रिया सगळ्यांना खुल्या ठेवल्या होत्या म्हणून ते दिसलं तरी. पुढे काय झालं ते तू वाचलंयस. पुरावा दाखवा. आधी लिहायला शिका, मग आम्हाला शिकवा. आता कुणीही उठेल आणि श्रेय घेईल. एकाने तर तुझ्या त्या चार शब्दांतल्या चुका मोजून दाखवल्या आणि त्यावर हसणाऱ्यांची रांग लागली. त्यात मला ओळखीची नावं दिसली. परत गेलेले मजकूर पाठवणाऱ्याकडे राहत नाहीत, ते फक्त आमच्या परतीच्या यादीत राहतात. पुरावा तुझ्याकडे असणारच नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता ते गप्प होते.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. म्हणाले, "अगं, ती परतीची जुनी यादी पुसून टाक. उगीच जागा अडते." मी म्हटलं, सर, पण तिने कळवलं होतं. ते म्हणाले, "कळवलं होतं, पण स्पष्ट होतं का? तूच सांग. तू चार वेळा वाचलंस आणि तुला कळलं नाही, मग स्पष्ट कसं म्हणायचं?" मग ते फार मायेने म्हणाले, "लुंबिनी, गट बुडेल. ऋतुजाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि तुझ्यासारखी मुलगी इथवर आली ती ह्या नियमांमुळेच ना? नियम मोडले तर सगळ्यांत आधी कुणाचं नुकसान होणार, विचार कर." मी 'हो सर' म्हटलं. मी यादी पुसली नाही, पण 'हो सर' म्हटलं. प्रेसचे मालक सरांचे विद्यार्थी आहेत, हे सरांनी बोलून दाखवलं नाही. त्यांना दाखवायची गरजही नव्हती.

रविवारी मी गावी गेले. आई अंगणात शेंगा फोडत बसलेली. मी तिला सगळं सांगितलं, ऋतुजाताईंचा फोटो दाखवला. तिने फोन हातात घेतलाही नाही. लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "धोत्रा हाय की." मग माझ्याकडे बघितलं. "तू हा फोटू पास केलास?" मी म्हटलं, मी फोटो बघत नाही, आई, मी मजकूर बघते. तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "शिवगंगाला म्या वळखायला शिकिवलं, तुला बी शिकिवलं. ती आठवीत घरी बसली. तू पंधरावी केलीस. आन् ती वरडून राहिली, तर तू तिला वरडायचं नीट शिक म्हणून राहिलीस." मी उठायला लागले तेव्हा म्हणाली, "तुला शाळेत घातलं ते आमचं कुणीतरी त्या खुर्चीवर बसावं म्हणून. त्या खुर्चीवर बसून तू आमालाच परत पाठीवलंस."

मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. मला राग आला, आणि पहिल्यांदाच तो माझ्यावर येऊन तिथेच थांबला नाही. बसमध्ये बसून मी विचार करत राहिले. शुद्ध लिहिणं मला आवडतं. ते मी सोडणार नाही. ते मला कुणी दिलेलं नाही, मी ते कंदिलासारखं जपून, एकेक शब्द घोटून मिळवलंय, आणि कुणी उद्या म्हणालं की लेखनात शुद्धच काही नसतं तर मी त्याच्याशीही भांडेन. पण हौसेने भाजीपाला ओळखायला जमलेल्या माणसांत, ज्या बाईला पान ओळखता येतं तिला दाराबाहेर उभं करायचं, आणि जिला ओळखता येत नाही पण लिहिता येतं तिला पाटावर बसवायचं, ह्याला भाषेचा दर्जा म्हणत नाहीत. ह्याला मी दुसरं काही म्हणत आले आहे, घरी, आमच्या वस्तीत, लहानपणापासून. तो शब्द तुलाही माहीत आहे. मला फक्त हे दिसलं नव्हतं की ह्या वेळी दाराशी मी उभी आहे.

सोमवारी मी सरांना कळवलं की मी मंजुरीचं काम सोडते आहे. कारणही लिहिलं. काल मालकांनी बोलावून विचारलं, "तुमचं काय बिनसलंय सरांशी?" मी म्हटलं, बिनसलं नाही, मी चुकीचं काम करत होते, ते थांबवलं. त्यांनी पुढच्या महिन्याचं बघू म्हटलं. बघू तर बघू. केरबा काका मशीनमागून ऐकत होते. नंतर हळूच म्हणाले, "म्या लग्नपत्रिकेपुरतं सांगितलं व्हतं, बाई." त्यांना किती वाईट वाटलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. मी म्हटलं, काका, तुमची चूक नाही. लग्नपत्रिकेत कुणी ओरडत नसतं.

आज सकाळी, टपाल कार्यालय उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले आणि सिंधुताईंना नांदेडच्या पत्त्यावर सगळी यादी पाठवली. तुझे चारही मजकूर, आल्याच्या वेळेसह. परत पाठवल्याच्या वेळेसह. परत पाठवणारीच्या नावासह. लिफाफा खिडकीतून आत सरकवण्याआधी मी पिनकोड तीनदा बघितला, आणि सरकवला. गटावर मी ते लावलेलं नाही. ते तुझं लिहिलेलं आहे. कुठे लावायचं, कसं लावायचं, लावायचं की नाही, हे तू ठरवशील. लावायचं ठरवलंस तर पहिला मजकूर लाव, हायत आणि फोटूसकट. कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा.

आता ज्यासाठी हे पत्र घाईने लिहिलं ते. येत्या रविवारी दयानंद सर आणि ऋतुजाताई नायगावला तुझ्या घरी येणार आहेत. पेढे आणतील, बहुतेक साडीही. त्यांच्याकडे एक छापील निवेदन असेल, त्यात तू म्हणतेस की माझ्या सूचनेचा मजकूर संदिग्ध होता, त्यामुळे समितीस अर्थबोध झाला नाही, माझ्या विधानाने झालेल्या गैरसमजाबद्दल मी दिलगीर आहे व माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली तुझ्या सहीची जागा आहे. ते निवेदन मी लिहिलंय, शिवगंगा. सरांनी मागच्या शुक्रवारी हा सगळा बेत सांगून ते मागितलं आणि मी एका बैठकीत लिहून दिलं, आईकडे जायच्या दोन दिवस आधी. तुझे यजमान, मलप्पा भाऊजी, म्हणतील, कशाला वाढवतेस, टाक सही. सासूबाई म्हणतील, एवढी मोठी माणसं दारात आलीत. त्यांना चहा दे, बसायला चांगलं दे, सर वाईट नाहीत, घाबरलेले आहेत. पण पेन पुढे आलं की हात मागे घे. ह्या लिफाफ्यात माझ्या सहीचा दुसरा कागद आहे, खरं काय घडलं त्याचा. ऐकलं नाही तर तो त्यांच्या हातात दे आणि सांग, लुंबिनीने दिलाय. त्यांच्या निवेदनात तुला एकही चूक सापडणार नाही, मी ते फार काळजीने लिहिलंय. तरी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोटं आहे. सही करू नकोस.

तू बोलत नसलीस तरी तुझीच,
लुंबिनी